कुठले दोन?

एका खाडीकाठच्या गावात एक भारी काटकसरी राजा होता. उन्हाळ्यात पहाटेचा उजेड लोक झोपेत घालवतात आणि रात्री दिव्यांना तेल जाळतात, हे त्याच्या जिवाला लागे. म्हणून त्याने हुकूम काढला, “होळी झाली की वेशीवरची घंटा एक तास आधी वाजवायची. घट बसले की पुन्हा जुन्या तासावर आणायची.”

लोक आधी हसले. “कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय?” एक म्हातारी म्हणाली. पण लोक लवकर उठू लागले, तेल वाचलं, आणि म्हातारीसुद्धा गप्प झाली.

खाडीपलीकडे एक लहानशी वाडी होती. भरती नसली की लोक पायी खाडी ओलांडत. अष्टमीला एकचा टोला पडला की पाणी भरू लागे, हे तिथं पोराटोरांना पाठ. होळीला दवंडीवाला तिकडेही जाऊन आला होता. म्हणून उन्हाळाभर वाडीतले लोक म्हणत, “आता एकचं दोन झालं. अष्टमीला दोनच्या आत पार व्हायचं.”

घट बसले आणि घंटा पुन्हा जुन्या तासावर आली. दवंडीवाल्याने प्रधान यमाजीपंतांना विचारलं, “पलीकडं जाऊ का, सरकार?”

“चार घरांसाठी कशाला तंगडतोड? कळेल त्यांचं त्यांना!” पंत म्हणाले. पंतांची लेक चिमा त्याच वाडीत दिलेली होती. पण हुकूम सोडताना मोठ्या माणसांना घरचं कुठं आठवतं!

अष्टमीला चिमा बाळाला घेऊन माहेरी यायची होती. आभाळ गच्च भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. वेशीवर एकचा टोला पडला. पंतांची बायको सारखी दारात जाऊन पाहत होती.

“अजून कशी आली नाही हो?”

“येईल गं. दोनच्या आत येते म्हणाली होती.”

“कुठले दोन?” बायकोने सहज विचारलं.

पंत ताडकन उठले. कुठले दोन? घंटा मागे आली हे वाडीला तर कुणी सांगितलंच नव्हतं! पाणी आताच भरू लागलं असणार, आणि पोर तिकडं निवांत निघाली असणार. पंत तसेच अनवाणी वेशीकडे पळाले.

पहारेकरी आडवा आला. “अवेळी घंटा वाजवली तर हात तोडायचा हुकूम आहे, सरकार!”

“तोड मग!” पंत ओरडले, आणि त्याच्या हातातला हातोडा ओढून घंटा बडवू लागले. हात भरून आले तरी थांबेनात.

खाडीत चिमा गुडघाभर पाण्यात होती, बाळ कडेवर. ती टोले मोजू लागली. दोन झाले, पाच झाले, दहा झाले. “अगं बाई, हे काय वाजतंय?” ती थबकली. पायाशी पाहिलं, तर पाण्यावरचा पाचोळा समुद्राकडे जायचा सोडून आत येत होता. ती तशीच मागे फिरली. काठाला पोचेपर्यंत पाणी कमरेला लागलं होतं.

इकडे राजा संतापून वेशीवर आला. पंतांनी त्याच्यापुढे हात धरले. “महाराज, दवंडी मी अडवली. माझी लेक आणि नातू बुडाले असते.”

तेवढ्यात खाडीकडून एक माणूस धावत आला, “चिमाताई पलीकडच्या काठावर सुखरूप आहे!” पंत लहान मुलासारखे रडले.

राजाने हात काही तोडले नाहीत. त्याने एवढंच विचारलं, “पंत, पाण्यात दुसऱ्याची लेक असती, तर घंटा वाजली असती का?”

पुढे दर होळीला आणि दर घटस्थापनेला आधी पंत स्वतः खाडी ओलांडून वाडीत सांगून येत. ते परतले की मगच घंटेची वेळ बदले.

तात्पर्य: घंटा हुकमाने फिरते, भरती फिरत नाही. म्हणून बदल करणाऱ्याने आधी सर्वांत लांबच्या घरी सांगून यावे. तिथे आपली लेक नसली तरी कुणाची तरी असतेच.