बेबीताईंच्या टेबलावरचे डबे

“...आणि तिसऱ्यात तर, माई, मंजुरीसुद्धा आपोआप पुढे जाते. कुणी कुणाला विचारायलाच नको. आता तुम्हीच सांगा, तिन्हींतलं कुठलं घेऊ?”

उल्हास वाघुळदेने तीन सॉफ्टवेअर कंपन्यांची तीन चकचकीत माहितीपत्रकं माईंसमोर चटईवर मांडली होती.

तापीकाठच्या त्या लहानशा मठात माई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सॉफ्टवेअर सोडा, त्यांच्याकडे साधा मोबाईलही नव्हता. पण काही मोठं घ्यायचं तर आधी माईंच्या कानावर घालायचं, ही वाघुळद्यांची जुनी रीत. ट्रॅक्टरपासून भट्टीपर्यंत सगळ्यांचे कागद या चटईवर येऊन गेले होते.

“तुझ्याकडे काम होतं कसं, ते आधी सांग,” माई म्हणाल्या.

हा उल्हासच्या आवडीचा विषय. भुसावळात त्याची दातांची लॅब होती. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा साचा पाठवायचे आणि लॅबमध्ये त्यावरून कॅप किंवा कवळी तयार व्हायची. एका पेशंटचं काम म्हणजे एक डबा. तो प्लास्टर, मेण, भट्टी, पॉलिश अशी टेबलं फिरत फिरत शेवटी तपासणीला यायचा.

चावा बसवायचं, म्हणजे वरचे दात खालच्यांवर नेमके टेकवायचं नाजूक काम उल्हास स्वतः करायचा. त्यात अख्ख्या जिल्ह्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असं तो पाहुण्यांना सांगायचा. पाहुण्यांनी विचारलं नाही तरी सांगायचा.

“मग अडतं कुठे?”

“आता नाही अडत.”

“आधी?”

“शेवटच्या टेबलावर. तपासणीला.”

“तिथे कोण असतं?”

“होत्या एक. बेबीताई खाचणे. आमच्या वडिलांच्या वेळेपासून.”

“होत्या?”

उल्हासने सरळच असलेली पत्रकं पुन्हा सरळ केली.

“यातल्या एका कंपनीने महिनाभर फुकट वापरायला दिलं होतं, माई. कुठला डबा कुणाच्या टेबलावर किती वेळ पडून आहे, ते भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचं. वेळ उलटली की डबा लाल. बेबीताईंच्या नावापुढे सगळं लालच लाल.”

“मग तू काय केलंस?”

“सोमवारच्या मीटिंगमध्ये दाखवलं.”

“तिला?”

“...सगळ्यांना.”

“आणि काय म्हणालास?”

काय म्हणालो, ते उल्हासला शब्दन् शब्द आठवत होतं. तेव्हा ते त्याला फार झकास सुचलं होतं.

“म्हणालो, बेबीताई, आमच्या सगळ्यांचा घाम तुमच्या टेबलावर येऊन वाळतो.”

“लोक हसले?”

“हसले.”

“तू?”

“...मीपण.”

माईंनी एक शेंग सोलली. दाणे परातीत पडले.

“ती काय बोलली?”

“काही नाही. अ‍ॅप्रनची घडी करून टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत.”

“मग सुटले तुझे डबे?”

“सुटले. पडद्यावर एकही लाल नाही.”

“बरंच झालं की.”

उल्हास चोरट्या आवाजात म्हणाला, “पण कामं परत यायला लागली, माई. कॅप उंच लागते, घास चावताना दुखतं. रोज डॉक्टरांचे फोन. दोघांनी तर काम द्यायचंच बंद केलं.” आणि लगेच त्याने तिसरं पत्रक पुढे सरकवलं. “म्हणून तर हे बघतोय. यात तपासणीचे नऊ प्रश्न आहेत. नऊच्या नऊ खुणा केल्याशिवाय डबा जागचा हलत नाही. उद्या अकराला त्यांचा माणूस सही घ्यायला येतोय. एकदा हे बसलं की कुणावाचून अडायचं नाही.”

“ती डबे का अडवायची?”

“वय झालं होतं. हात चालत नसेल.”

हे खोटं होतं. उल्हासला ते माहीत होतं, आणि माईंच्या नजरेला नजर न देण्याइतकी लाजही त्याच्यात शिल्लक होती.

माईंनी शेंगा बाजूला सारल्या. हात धुतले. मग तोंडात दोन बोटं घालून त्यांनी वरची कवळी काढली, तांब्यातल्या पाण्याने विसळली आणि उल्हासच्या तळहातावर ठेवली.

उल्हास दचकला. दातांवाचून माईंचा चेहरा एकदम चिमुकला झाला होता.

“हे कुणाचं काम?” त्यांनी विचारलं. शब्द जरा घरंगळत होते, पण कळत होते.

“आमच्याच लॅबचं, माई. सहा वर्षं झाली.”

“चावा?”

“मीच बसवला.”

हेही तो सहा वर्षं पाहुण्यांना सांगत आला होता.

“बघ.”

त्याने कवळी दाराच्या उजेडात धरली. उजवीकडच्या दाढेवर मोहरीएवढी जागा घासलेली होती. डावीकडे तशीच आणखी एक. डॉक्टर घाईत घासतात, तशी खरबरीत नव्हती. घासून, वर पुन्हा पॉलिश करून, जिभेलाही लागू नये इतकी मऊ केलेली होती. चावा नीट बसला असता तर तिथे घासायला काही उरलंच नसतं.

दातांचा धंदा करणाऱ्या माणसाची दातखीळ बसली.

“हिने मी ज्वारीची भाकरी खाते,” माई म्हणाल्या. “शेंगदाणेसुद्धा.”



“मला माहीत आहे, माई,” उल्हास शेवटी म्हणाला. “आठ दिवसांपूर्वी त्यांचा खण उघडला. आत चिठ्ठ्या होत्या. चावा उंच, उतरवला. डावीकडे तिरका, सरळ केला. तारखा टाकून, डब्यांचे नंबर टाकून. पडद्यावर लाल दिसणारे सगळे डबे माझ्या टेबलावरून गेलेले होते. माझ्या चुका निस्तरत बसायच्या, म्हणून उशीर.”

“तुला कधी बोलली नाही?”

“नाही. घासलेलं काम त्या पुन्हा पॉलिशला पाठवायच्या. पॉलिशवाल्या सादिकसाठीची एक चिठ्ठी डब्यासोबत परत आली होती, तीही खणात होती...”



“काय होतं तीत?”

“उल्हासला सांगू नकोस. त्याचे डोळे कमी झालेत, मनाला लावून घेईल.”

माईंनी मान हलवली.

“सहा वर्षांपूर्वी माझे डोळे ठणठणीत होते, माई,” तळहातावरच्या कवळीकडे बघत तो म्हणाला. “त्या सोमवारी मीटिंगमध्ये एकटा सादिक तेवढा हसला नव्हता. मला वाटलं, याला विनोद कळला नाही.”

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पडद्यासमोर उभ्या असलेल्या बेबीताई आणि त्यांच्याभोवती फिदीफिदी हसणारी आपली माणसं त्याला दिसत होती. सगळ्यांत मोठ्याने हसणारा तो स्वतः होता. ही चटई दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

माईंनी तिन्ही पत्रकं उचलली. एकेक उलटून पाहिलं. चित्रं पाहिली.

“यातलं तिच्या घरी जाणारं कुठलं?”

उल्हासने डोळे पुसले. पत्रकं त्यांच्या हातातून घेतली आणि पिशवीत कोंबली.

“उद्याची सही रद्द करतो,” तो घाईघाईने म्हणाला. “सकाळी उठून आधी त्यांच्याकडेच जातो. म्हणतो, बेबीताई, परत या. पडदा काढून टाकतो, तुमचं टेबल तसंच ठेवलंय. तुमच्यावाचून लॅबचं अडलंय.”

माईंनी त्याच्या हातातून कवळी घेतली, तोंडात बसवली, एकदा दातांवर दात टेकवून पाहिले.

“लॅबचं अडलंय म्हणून जाणार असशील, उल्हास,” त्या म्हणाल्या, “तर जाऊ नकोस.”