मेधाताईंची चकती

“पण वीज लावलीच नव्हती, सर. मग प्रवाह आला कुठून?”

यशोधनच्या आवाजात प्रश्नापेक्षा आनंद जास्त होता. निवृत्त झाल्यावरही दाभाडे सर दुपारी पॉलिमरच्या प्रयोगशाळेत येऊन बसत. त्यांच्यासमोर त्याने नखाएवढी पारदर्शक चकती ठेवली.

“नुसती तापवली, तर मीटरचा काटा हलला. आपोआप वीज देणारं पॉलिमर, सर. शोधनिबंध धाडलासुद्धा.”

“म्हणजे बारसंही उरकलंस. पुन्हा तापवलीस?”

“तापवली. पण काही आलं नाही. तेवढंच विचारायचं होतं.”

सरांनी चकती उजेडाकडे धरली.

“तापलेल्या पॉलिमरला वीज लावली, तर?”

“रेणू एका दिशेला वळतात.” इतका सोपा प्रश्न. त्याला हसू आलं.

“वीज तशीच ठेवून थंड केलं, तर?”

“वळलेले तसेच थिजतात. मग वीज काढली तरी तसेच राहतात. कितीही दिवस.”

“आणि पुन्हा तापवलं?”

“सुटतात. माघारी फिरतात, आणि तेव्हा प्रवाह…”

त्याची नजर चकतीवर गेली.

“एकदाच मिळतो,” सर म्हणाले. “चकती कुठली?”

“कपाटातली. मला कोरी वाटली.”

“कुणाच्या खणातली?”

“…मेधाताईंच्या.”

मेधा पारखे सरांची त्याच्या आधीची विद्यार्थिनी. आजारपणातही ती इथे येऊन चकत्या तापवी, वीज लावून थंड करी, जपून ठेवी. तिच्या शेवटच्या सादरीकरणात यशोधन सगळ्यांदेखत म्हणाला होता, “ताई, यांच्यात काही उरत नाही हो. उगाच कशाला दमता?”

लोक हसले होते. तीही हसली होती. चैत्रात ती गेली.

“तिच्या बाकीच्या चकत्या?” सरांनी विचारलं.

“खण रिकामा हवा होता, म्हणून… टाकून दिल्या. ही कोपऱ्यात राहिली होती.”

यशोधनला मान वर करता येईना.

“निबंध मागे घेतो, सर. काम त्यांचं होतं, तसं कळवतो.”

“कळव.”

“पण तेवढ्याने भागत नाही.”

“नाही.”

“माफी आता कुणाजवळ मागू?”

सरांनी चकती त्याच्या तळहातावर ठेवली.

“ही आता रिकामी झाली आहे. ऐकून घेईल, आणि जपून ठेवील.”