जामदारांचं प्रेत

धबाक्! भल्या पहाटे जामदारांच्या विहिरीत झालेला तो आवाज तुळाजी परटाच्या कानात म्हातारपणापर्यंत राहिला. लोक धावले. पाण्यावर मल्हारराव जामदारांचं पागोटं तरंगत होतं. जामदार मात्र नव्हते.

आदल्याच दिवशी त्यांची बायको सगुणाबाई साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "पुन्हा चोरून कुठं गेलात तर विहिरीत लोटीन!" नवरा कुणाच्या तरी नादी लागलाय एवढं तिला कळलं होतं. कुणाच्या, ते कळलं नव्हतं. राजाच्या हेराला तेवढं पुरलं. त्यानं विहीर उपसली, तळाशी एक पाटा सापडला, आणि मिशीला पीळ देत त्यानं सांगून टाकलं, की बाईनंच नवरा मारला.

प्रेताशिवाय खून कसला, असं प्रधान म्हणाला. राजा हट्टी. आठवड्यात प्रेत आणा, नाहीतर बाईला तशीच सुळी देतो, म्हणाला. हेर आठवडाभर गाळ चाळत बसला. शेवटच्या दिवशी तुळाजी हात जोडून पुढं आला. या बाईनं त्याला कधी शिळी भाकरी दिली नव्हती, नेहमी ताजीच वाढली होती.

"प्रेत मी आणतो. महाराजांनी संध्याकाळी तेवढं घाटावर यावं."

"नाही आणलंस तर?"

"तर बाईंच्या शेजारी मला चढवा."

प्रत्येक घरच्या कपड्यांना तुळाजी बिब्ब्यानं खूण घाली. जामदारांची खूण तीन ठिपके. त्याच सकाळी नदीपलीकडच्या चंद्राबाईचं गाठोडं सोडताना तीन ठिपक्यांचं धोतर निघालं होतं, पानाच्या ताज्या पिचकारीसकट. मेलेला माणूस काही धोतर मळवत नाही. विहिरीत पाटा लोटून वर पागोटं सोडताना जामदारांनी सगळा विचार केला होता, परटाचा तेवढा राहिला होता.

तुळाजी चंद्राबाईच्या दारी गेला. आज मोठी भट्टी लावलीय, असतील नसतील ते मळके कपडे द्या, अंगावरचेसुद्धा, पुन्हा महिनाभर यायचा नाही, म्हणाला. संध्याकाळच्या आत परत आणायचं कबूल केलं. शेवटचं धोतर दाराच्या फटीतून एका केसाळ हातानं बाहेर दिलं.

संध्याकाळी राजा घाटावर आला. सगुणाबाईला दोरखंडानं बांधून आणलं होतं. तुळाजी निवांत धोतरं पिळत होता.

"प्रेत कुठाय रे?"

"दम धरा महाराज. धोतर मागत येईल."

तेवढ्यात पलीकडून, गुडघाभर पाण्यातून, चंद्राबाईचं हिरवं लुगडं नेसलेली एक धिप्पाड बाई तरातरा आली. पदराखालून झुपकेदार मिशा दिसत होत्या. "अरे परटा, दिवस मावळला, माझं धोतर कुठाय?"

राजा इतका हसला, की त्याला धुण्याच्या दगडावरच बसावं लागलं. त्यानं हातातलं सोन्याचं कडं तुळाजीला दिलं आणि हेराला महिनाभर परटाची गाढवं राखायला लावलं.

दोर सुटले. तुळाजीनं धोतरांचं ओलं गाठोडं सगुणाबाईपुढं ठेवलं. "तुमच्या घरची आहेत, बाई."

"सगुणे, अगं, एक तरी..." जामदार पदर सावरत म्हणाले.

तिनं गाठोडं कमरेवर घेतलं, हिरव्या लुगड्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि ती घाटाच्या पायऱ्या चढून निघून गेली.