विलायती ब्रेक

भार्गवराव टिळेकरांनी साताऱ्यात स्वतःची मोटार घडवली, तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं आणि कारखान्याची परवानगी कलेक्टरसाहेबाच्या हातात होती. साहेब म्हणाला, "गाडी खंबाटकीचा घाट चढली, तरच सही करीन." आणि खात्री करायला तो स्वतःच आत बसला.

मोटार धापा टाकत, पण कुठेही न अडता माथ्यावर पोचली. साहेबाचा चेहरा पडला. त्याने खाली उतरून बॉनेट उघडलं, चाकांपाशी वाकून पाहिलं आणि एकदम ओरडला, "ब्रेकवर लंडनच्या कंपनीचं नाव! बघा टिळेकर, आमच्याशिवाय तुमचं पान हलत नाही!"

भार्गवराव शांतपणे हात पुसत म्हणाले, "हलतं की, साहेब. इंजिन इथलं, चाकं इथली, त्यांच्यावरच तर आपण वर आलो. अडवायचं सामान तेवढं विलायतेहून मागवलं. त्या कामात तुमचा हात कोण धरणार?"

साहेब लालबुंद झाला. मग दरीकडे बघत स्वतःशीच हसला आणि खिशातून पेन काढत म्हणाला, "आणा तो कागद. आता सही नाकारली, तर तुमचंच म्हणणं खरं ठरायचं!"