मोरवारीदचा वारा पिणारा हौद

“आमच्या विहिरींचं गोडं पाणी तूच ओढलंस! कबूल कर, नाहीतर हा हौद फोडतो!” गोमाजी पाटलानं पहार दगडी पायरीवर आपटली.

“पाणी वरून आला,” मोरवारीद दारात आडवी उभी राहून म्हणाली. “पावसाचा. तुमी पण बघितला.”

“पाऊस आमच्यावर नाही पडला? मग आमच्याच विहिरी खारट का?”

“खाडीला चिकटून खणला, म्हणून.”

“आणि भर वैशाखात हे पाणी गार कसं गो?” हिराय तांडेलीण गर्दीतून ओरडली. “आत कोण बसवलायस, पंखा घेऊन?”

चारदोन जण हसले. हसून झाल्यावर मात्र एकेक पाऊल मागे सरकले.

हे भांडण फार जुनं आहे. आगगाडीची शिट्टी ऐकून बैल दावं तोडायचे, त्या काळातलं. तेव्हा इराणच्या यज्द गावाहून माणसं जहाजानं आपल्या किनाऱ्याला येत होती. त्यांच्यातच ही मोरवारीद धोंडखाडीला आली. एकटी. नवरा वाटेत वाळवंटात गेला होता, पाण्यावाचून. बाप तिकडचा नावाजलेला गवंडी, आणि त्याची विद्या या पोरीच्या हातात उतरलेली. गावाबाहेरच्या चिकूच्या वाडीत तिला जमिनीचा एक तुकडा मिळाला. तिथं तिनं घर बांधलं नाही. स्वतः झावळ्यांच्या झापाखाली राहिली आणि हौद बांधायला घेतला. संशयाला एवढं पुरे होतं. बाई घराआधी हौद बांधते, म्हणजे तिला काहीतरी ठाऊक आहे.

मग तिनं घरोघर फिरून काय मागावं? अंडी, शेळीचे केस आणि चुलीतली राख.

आता तुम्हीच सांगा. या तीन वस्तू एकत्र कोण मागतं? गावात ज्याला ज्याला करणीची भीती होती त्यानं त्या दिवशी उंबऱ्यावर लिंबू ठेवलं. अंडी मात्र सगळ्यांनी विकली. हिरायनं तर चढ्या भावानं विकली आणि वर म्हणाली, “नाही म्हटलं तर करणी आपल्यावरच उलटवायची.” मोरवारीद चुना, माती आणि राख एकत्र करी, त्यात अंड्याचा पांढरा बलक ओती, केस मिसळी, आणि तो गारा दिवसभर काठीनं बडवी. बडवताना आपल्या भाषेत गात असे. यज्दचे गवंडी तसंच करतात, कारण तो गारा वाळला की त्यातून पाण्याचा थेंब बाहेर जात नाही. पण हे तिला विचारलं कुणी? कुंपणापलीकडून ऐकलं आणि मंत्र आहेत म्हणून ठरवलं. विचारण्यापेक्षा ठरवणं सोपं, हे आपल्या गावाला आजही कुणी शिकवावं लागत नाही.

हौद जमिनीत उतरला आणि वर मनोरा चढला. धुराड्यासारखा उंच, चारी बाजूंनी उभ्या फटी असलेला. वरून वारा आत घ्यायचा, पाण्यावरून फिरवायचा आणि बाहेर सोडायचा. असं म्हणतात, समुद्रावर शीड हलत नसे तेव्हाही त्या मनोऱ्यात वारा घुमायचा. तांडेल लोक होडी ढकलायच्या आधी कान लावून जायचे, आणि घरी येऊन बायकांना सांगायचे की तिकडे फिरकू नका.

सगळ्यात जास्त बोभाटा झाला तो दरवाज्याचा. खालची कमान इराणी, मधोमध टोकदार, कडेनं निळ्या फरशा. तिच्या वर अर्धगोल खिडकी, तांबड्या-हिरव्या काचांची. आणि तिच्याही वर चुन्यात कोरलेले पंखवाले गुबगुबीत पोरगे, द्राक्षांचे घोस, पिसाची टोपी घातलेली एक मडम. वसईकडच्या फिरंग्यांच्या आठवणी लोकांच्या हाडांत होत्या. पंखवाले पोरगे त्यांनी पाद्र्याच्या देवळातच पाहिले होते.

“ही बाई फिरंग्यांची आहे,” पाटील म्हणाला. “आधी पाणी पाजणार, मग बाटवणार.”

मोरवारीदनं सांगून पाहिलं. तिच्या मुलखातल्या काजार बादशहांना फिरंगी थाटाचं वेड लागलं होतं. शेठसावकार फिरंगी चित्रं आणायचे, बाप ती बघून भिंतीवर काढायचा. कमान आपली, टोपी त्यांची. “बाप असा करायचा,” ती म्हणायची, “मला दुसरा येत नाय.” कोण ऐकतो! त्या तांबड्या काचेतून ऊन पाण्यावर पडलं की पाणी रक्तासारखं दिसायचं, आणि लोकांनी तेवढंच पाहिलं. पावसाळ्यात हौद भरला, तरी कुणी ओंजळभर प्यायलं नाही. असं म्हणतात, ती रोज संध्याकाळी दारात भरलेलं मडकं ठेवायची आणि सकाळी तसंच उचलून चिकूला घालायची.

मग तो वैशाख आला. गावातल्या एकूण एक विहिरी खारट झाल्या. पोरं रडून रडून गप्प झाली, गुरांनी तोंड फिरवलं. आणि इराणिणीचा हौद काठोकाठ, गार. पाटलानं हिशेब मांडला: आपलं गेलं आणि तिचं राहिलं, म्हणजे आपलंच तिकडे गेलं. त्या मनोऱ्यानं वारा नाही, गावाचं गोडं पाणी ओढलं. हौदाची भिंत फोडली की पाणी मातीत शिरेल आणि मातीतून आपापल्या विहिरीत परत येईल. गावाला हे पटलं. तहानलेल्या माणसाला काहीही पटतं.

म्हणून त्या दुपारी सगळे पहारी घेऊन आले होते.

“बाजूला हो, इराणिणी,” गोमाजी म्हणाला. “बाईमाणसावर हात टाकायचा नाही मला.”

“आणि अंड्यांचं काय केलंस तेही सांग!” हिराय ओरडली.

“तू विकलीस तेव्हा नाही विचारलंस ते?” मागून कुणीतरी बोललं.

“गप रे मेल्या! मी काय सगळ्या गावासाठी विचारू?”

गोमाजीनं पहार डोक्यावर उचलली. मोरवारीद दारातून बाजूला झाली. असं म्हणतात, तेव्हा वरच्या चुन्यातल्या मडमेनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मान वळलेली आहे, हे खरं. पण ती घडवतानाच तशी होती का, हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही. मोरवारीद रडली नाही, पाया पडली नाही, शाप दिला नाही. एकच वाक्य बोलली. ते ऐकून पहार वरच्या वर थांबली, आणि आधी बायका, मग पोरं, मग बाप्ये घराकडे पळत सुटले.

कळश्या, हंडे, मडकी, ताकाच्या घागरी, जे हाती लागलं ते घेऊन गाव परत आलं. कुणाचं भांडं आधी भरायचं, हे विचारायचं त्या दिवशी कुणाला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सुचलं, ती आपली जात. असं म्हणतात, सगळा गाव भरून घेऊन गेला तरी पाणी बोटभरही उतरलं नाही. उतरलं असेल, मोजायला शुद्धीवर कोण होतं? पण दोन्ही कडेवर भरल्या घागरी घेतलेल्या माणसाला पहार धरता येत नाही, एवढं मात्र खरं. गोमाजी पाटील सर्वांत शेवटी प्यायला. प्यायल्यावर म्हणाला, “गार आहे.” संशय त्याचा मरेपर्यंत गेला नाही, हौदाकडे येताना तो खिशात लिंबू ठेवायचा, आणि रोज यायचा.

मोरवारीद तिथंच म्हातारी झाली, तिथंच गेली. आजही धोंडखाडीत भिंत पाडायची असो, जुनं घर उतरवायचं असो, की भावाभावांत वाटणी करून चूल मोडायची असो, मोडणाऱ्यानं आधी हौदावर जायचं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडी भरून द्यायची. तोवर कुदळीला हात लावायचा नाही. शेवटची कळशी उचलून देताना तिचं ते वाक्य म्हणायचं, तिच्याच मोडक्या मराठीत, एक शब्द इकडचा तिकडे न करता:

“मी बांधला ते तोडा, पण पहिले घरची सगळी भांडी घेऊन या, पाणी मातीत नाय जायला पायजे.”