ओढ्यापलीकडचा चौशिंगा

माणसांनी मैदानं आखायच्या कितीतरी आधी एका रानात हरणांचा संघ वेलींच्या चेंडूने खेळायचा. संघाला चपळ गडी हवा होता आणि ओढ्यापलीकडचा चौशिंगा यायला तयार होता. पण मागच्या संघाला तो ऐन खेळात सोडून गेला होता. शिवाय रीत अशी, की निर्णय होईपर्यंत नव्या गड्याने ओढा ओलांडायचा नाही.

रोज बैठक बसायची.

“पायात जादू आहे, पण भरवसा काय?” चितळ म्हणायचं.

“का गेला, ते त्यालाच विचारू या की,” म्हातारं सांबर म्हणायचं.

“विचारायचं काय त्यात? गेला तो गेला,” म्हणत भेकर तोंड फिरवायचं, आणि बैठक उद्यावर जायची.

पलीकडे चौशिंगा उभाच असायचा. चेंडू ओढ्यापार आला की तो नेमका मोकळ्या गड्याच्या पायाशी परत धाडायचा. मग कुणी हाक मारतंय का, म्हणून मान उंच करून ऐकत राहायचा. हळूहळू चेंडू आणायला कुणी जाईनासंच झालं.

पळस फुलून गळाला, तेव्हा कुठे ठरलं की घ्यायचा. सांबराने काठावरून हाक मारली. उत्तर टिटवीने दिलं.

“त्याला टेकडीवरच्या काळविटांनी नेलं. खेळ का सोडलास, एवढंच विचारलं त्यांनी. आई वणव्यात अडकली होती, म्हणाला.”

संध्याकाळी खेळ सुरू झाला. चेंडू ओढ्यापार गेला, आणि सगळा संघ मान उंच करून तो परत यायची वाट बघत उभा राहिला.