शल्यवैद्याच्या दारातले खरेदीदार

फार पूर्वी कौशांबीत देवसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने वैद्यकुळात जन्म घेतला आणि तो शस्त्रक्रियेत निष्णात झाला. त्या नगरीची रीत अशी, की वैद्य आपली दक्षिणा शस्त्रक्रिया झाल्यावर सांगे. आपले माणूस अजून शुद्धीवर यायचे असताना घासाघीस कोण करणार? मागितले ते लोक देत.

वैद्याच्या दारात रोज काही माणसे बसलेली असत. बोधिसत्त्वाला वाटे, रोग्यांचे नातेवाईक असतील बिचारे. आपल्याच दारात काय चालले आहे हे भल्याभल्या शहाण्यांना दिसत नाही.

एके दिवशी कुमुदा नावाची विणकरीण पोटात गाठ घेऊन आली. बोधिसत्त्वाने शस्त्रे तापवायला घेतली, तोच ती उठून बसली.

"नको वैद्यराज. गाठ राहू द्या."

"गाठ राहिली तर पुढचा पावसाळा बघायची नाहीस, बाई."

"आणि काढली तर पोरं खातील काय? बाहेर माझा नवरा तुमच्या दक्षिणेसाठी माग विकतोय."

बोधिसत्त्व बाहेर आला. ज्यांना तो नातेवाईक समजत होता ते सगळे व्यापारी होते. त्यांच्यातला श्रीगुप्त कुमुदाच्या नवऱ्याचा, नागदत्ताचा माग मातीमोलाने घेऊ पाहत होता.

"विकणारा घाईत असला की भाव उतरायचाच," श्रीगुप्त म्हणाला. "त्यात माझा काय दोष?"

बोधिसत्त्वाला मनस्वी लाज वाटली. त्याने बरी केलेली माणसे याच दारातून भिकेला लागून गेली होती. कुमुदाची दक्षिणा सोडून देणे सोपे होते. पण उद्या दुसरी कोणी आली असती. म्हणून तो तडक विणकरांच्या मुखियाकडे गेला. तिथे एक जुनी चाल होती. कुणाचे घर जळाले की प्रत्येक विणकर थोडे कापड देई आणि जळालेला संसार पुन्हा उभा राही.

"मग गाठ झाली तर का देत नाही?" बोधिसत्त्वाने विचारले.

"आग पसरते, वैद्यराज. गाठ ज्याची त्याची."

"बरं. मग पुढची गाठ कुणाच्या घरी येणार तेवढं सांगा. त्यालाच आधी सावध करू."

मुखियाने अंगणात वावरणाऱ्या सुनेकडे पाहिले. मग म्हणाला, "देऊ कापड. पण किती? तुमचा आकडा तर मागाहून कळतो. ज्या खड्ड्याचा तळ दिसत नाही, तो भरायचा कसा?"

बोधिसत्त्वाने तिथेच आपली दक्षिणा ठरवून टाकली. माफक, सर्वांना सारखी आणि आधी सांगितलेली. त्याची मिळकत निम्म्यावर आली. त्याची त्याला कधी हळहळ वाटली नाही.

विणकरांच्या कापडातून दक्षिणा भागली आणि गाठ निघाली. शुद्धीवर येताच कुमुदाने विचारले, "माग?"

"घरीच आहे," नागदत्त म्हणाला. "पोरं त्यावर चढून धुडगूस घालतायत."

"मेली सुतं तोडतील! हाकला त्यांना," ती क्षीण आवाजात ओरडली. तिचे ओरडणे ऐकून नागदत्ताचा जीव भांड्यात पडला आणि तो ओक्साबोक्शी रडू लागला. श्रीगुप्त आणि मंडळी पुढे काही दिवस ताटकळली, मग दुसरीकडे निघून गेली.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचे कुमुदा आणि नागदत्त म्हणजे आज आपली चीवरे विणणारे दांपत्य. मुखिया म्हणजे विहाराचा वृद्ध भांडारी. श्रीगुप्त म्हणजे आज आजाऱ्यांच्या वस्तूंवर डोळा ठेवून त्यांच्या उशाशी बसणारा तुमच्यातलाच एक भिक्षू. आणि ज्याला आपले दार उशिरा दिसले, तो वैद्य मीच होतो. रोग्याबरोबर त्याच्या घरापर्यंत जाते, ती करुणा."